'फोर्स ऑफ ईव्हिल' (१९४८) : आकड्यांच्या धंद्यातले दोन भाऊ

कृष्णधवल

(रसभंगाचा इशारा : खाली गोष्ट शेवटापर्यंत सांगितली आहे. ज्यांना कोऱ्या मनानं पाहायचा आहे त्यांनी आधी चित्रपट पाहावा, मग इथे यावं. अवघ्या ७८ मिनिटांचा आहे.)

जुगारावरचा चित्रपट म्हटला की पत्ते, हिरव्या कापडाचं टेबल, धुरानं कोंदलेली खोली आणि सगळं पणाला लावणारा एक माणूस, अशी अपेक्षा असते. अब्राहम पोलॉन्स्की यांच्या 'फोर्स ऑफ ईव्हिल'मध्ये पैसे लावणारा माणूस जवळजवळ दिसतच नाही. कॅमेरा थेट धंद्याच्या आतल्या खोलीत शिरतो. तिथे चिठ्ठ्या वेगळ्या करणारी माणसं आहेत, नाणी मोजली जाताहेत, वहीत मान घालून बसलेला हिशेबनीस आहे आणि या सगळ्यांच्या पोटापाण्याची काळजी वाहणारा, हृदयविकार जडलेला मालक आहे. जुगाराचा धंदा आतून कसा चालतो हे इतक्या खरेपणानं दाखवणारा दुसरा नॉयर चित्रपट (म्हणजे शहरी गुन्हेगारीच्या काळोख्या गोष्टींचा प्रकार) माझ्या पाहण्यात नाही.

गोष्ट न्यूयॉर्कची. तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये 'नंबर्स' नावाचा बेकायदेशीर खेळ चालायचा. तीन आकडी नंबर निवडायचा, त्यावर पाच-दहा सेंट लावायचे आणि दुसऱ्या दिवशी निकाल बघायचा. पैसे गोळा करणाऱ्या छोट्या छोट्या पेढ्या होत्या, त्यांना 'बँक' म्हणत. लिओ मॉर्स (थॉमस गोमेझ) अशीच एक बँक चालवतो. त्याचा धाकटा भाऊ जो (जॉन गारफील्ड) वॉल स्ट्रीटवर वकिली करतो, आणि त्याचा खरा अशील आहे बेन टकर, या धंद्यातला बडा माणूस.

टकरला सगळ्या छोट्या बँका गिळून एकच मोठी बँक करायची आहे. त्यासाठी मुहूर्त धरलाय ४ जुलैचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं साल १७७६, म्हणून त्या दिवशी हजारो भाबडी माणसं ७७६ वर पैसे लावतात. एरवी तो नंबर येत नाही आणि बँका मजेत असतात. या वर्षी टकर तो आणणार आहे. सगळ्या छोट्या बँका एका दिवसात बुडणार, मग टकर त्यांना कर्ज देऊन वाचवणार आणि बदल्यात मालकी घेणार. त्याच्या पुढची पायरी म्हणजे हा सगळा धंदा लॉटरी म्हणून कायदेशीर करून घेणं, आणि ते काम जोचं. चित्रपटाची सुरुवातच वॉल स्ट्रीटवर होते. उंचावरून दिसणारा रस्ता, ट्रिनिटी चर्च, आणि उद्या आपण पहिले दहा लाख डॉलर कमावणार असं सांगणारा जोचा आवाज.

अडचण एकच : बुडणाऱ्यांत लिओही आहे. त्यानं स्वतःचं शिक्षण बाजूला ठेवून धाकट्याला वकील केलं. जो त्याला वाचवायला जातो, पण ७७६ चं गुपित फोडू शकत नाही. नुसतं म्हणतो, माझ्याबरोबर ये, टकरच्या बँकेत मोठा वाटा देतो. लिओ नाही म्हणतो. त्याचं म्हणणं, मी साधा, प्रामाणिक धंदेवाला आहे, तुमच्यासारखा गुंड नाही. शेवटी जो आपल्याच भावाच्या बँकेवर पोलिसांना धाड घालायला लावतो, हेतू हा की ४ जुलैला त्याची बँक बंद असावी. भावाला वाचवण्यासाठी त्याला अटक करवणारा भाऊ! इथून पुढे जो जे जे प्रेमापोटी करतो त्यातलं प्रत्येक पाऊल लिओला मरणाच्या जवळ नेतं.

मला इथे बोलायचंय ते लिओबद्दल. बहुतेक लेखांमध्ये जोबद्दल लिहिलेलं असतं. माझ्या मते चित्रपटाचा कणा लिओ आहे. आपला वाटा लहान आहे म्हणून तो स्वच्छ आहे, या समजुतीवर तो जगतो, आणि पोलॉन्स्की ती समजूत एकेक पदर काढून उघडी करतात. तरीही ते लिओचा तिरस्कार करत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

---

तिसरी_घंटा

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. या चित्रपटाच्या संवादांवर मी कितीही वेळ बोलू शकेन.

इथली माणसं एकच शब्द फिरून फिरून उच्चारतात, वाक्य अर्ध्यावर सोडून पुन्हा मागून पकडतात, आणि त्यातून एक ठेका तयार होतो. समीक्षकांनी त्याची तुलना निर्यमक पद्याशी केली आहे आणि ती योग्य आहे. रस्त्यावरची भाषा आहे, पण तिला नाटकातल्या स्वगताचं वजन आहे. गारफील्ड 'ग्रुप थिएटर' या न्यूयॉर्कच्या नाटकमंडळीतून आलेला, गोमेझही रंगभूमीवरचाच. दोघं समोरासमोर आले की कॅमेरा शांत राहतो आणि सगळं काम आवाज करतात. गोमेझचं बोलणं ऐका. छातीत धाप असल्यासारखं, रागावतानाही थकलेलं.

लिओचा प्रश्न काढलात म्हणून त्याच्या बायकोबरोबरचा प्रसंग आठवून देते. ती त्याला समजावते की तू धंदेवाला माणूस आहेस. त्यावर तो उसळतो आणि आधीचे 'सभ्य' धंदे एकेक करून काढतो. घरांच्या व्यवहारात एका गहाणावरून दुसऱ्या गहाणावर कसा जगलो ते सांगतो. मग गॅरेज. पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनमागे तीन सेंट जास्त लावायचे, दोन ड्रायव्हरला आणि एक स्वतःला. म्हणजे सभ्य धंद्यातही चोरीच होती, फक्त पैशा-पैशाची. आता डॉलरची होईल. हे तो स्वतःच्या तोंडानं म्हणतो. तेव्हा कृष्णधवल, लिओला काहीच कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याला सगळं कळत होतं. कळूनही रोज सकाळी कामावर जायचं तर स्वतःला काहीतरी सांगावं लागतं, तेवढं तो सांगत होता.

---

अंकगणित

७७६ 'आणायचा' कसा, हा प्रश्न चित्रपट पाहताना अनेकांना पडतो. तो भाग चित्रपटात झरकन निघून जातो, म्हणून जरा सविस्तर.

नंबर कुणी पिशवीतून काढत नसे. तसं केलं असतं तर लोकांनी विश्वास ठेवला नसता. तो घोड्यांच्या शर्यतींवरून निघायचा. रेसकोर्सवर टोट पद्धतीनं (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटायची पद्धत) जे पैसे लागतात आणि वाटले जातात, त्यांच्या जाहीर होणाऱ्या बेरजांमधले ठरावीक आकडे घ्यायचे. हे आकडे वर्तमानपत्रात छापून यायचे. म्हणजे निकाल सगळ्यांसमोर, कुणाच्या हातात नाही, अशी खात्री. खेळाची सगळी पत या एका गोष्टीवर उभी होती.

पण ती बेरीज लोकांनी लावलेल्या पैशांवरच ठरते. शेवटच्या क्षणी कुणी नेमकी रक्कम लावली तर बेरजेचा शेवटचा आकडा बदलतो. किती लावले म्हणजे कोणता आकडा येईल, एवढा हिशेब डोक्यात झटपट करणारा माणूस हवा. असा माणूस खरोखर होता. ओटो बर्मन, टोपणनाव 'ॲबाडॅबा'. तो डच शुल्ट्झ या गुंडासाठी काम करायचा. हार्लेममधला नंबर्सचा धंदा आधी कृष्णवर्णीय चालकांच्या हातात होता. स्टेफनी सेंट क्लेअर, कॅस्पर होल्स्टाइन ही त्यातली मोठी नावं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शुल्ट्झनं धाकदपटशा करून तो बळकावला, आणि ज्या नंबरांवर जास्त पैसे लागलेत ते येऊ नयेत याची व्यवस्था बर्मन करू लागला. ऑक्टोबर १९३५ मध्ये न्यूअर्कच्या एका हॉटेलात दोघांवरही गोळ्या झाडल्या गेल्या आणि दोघेही मेले.

चित्रपट ज्या कादंबरीवर आहे ती इरा वोल्फर्टची 'टकर्स पीपल' (१९४३). वोल्फर्ट मूळचा पत्रकार, आणि त्या काळातल्या न्यूयॉर्कमधली ही सगळी प्रकरणं त्याच्या लेखनामागे आहेत. पटकथाही त्यानं आणि पोलॉन्स्कींनी मिळून लिहिली.

आता साधा हिशेब. ००० ते ९९९ असे हजार नंबर. लागला तर मिळायचे साधारण ६०० पट. म्हणजे हजार लोकांनी वेगवेगळ्या नंबरांवर एकेक डॉलर लावला तर ६०० परत जातात आणि ४०० धंद्यात राहतात. कुणालाही न फसवता, काहीही हेराफेरी न करता. लिओ जेव्हा स्वतःला प्रामाणिक म्हणतो तेव्हा तो या हिशेबातला प्रामाणिक आहे. नंबर लागला की पैसे चुकते करतो. मला तो प्रामाणिकपणा खोटा वाटत नाही, पण अपुरा नक्कीच वाटतो.

---

शाईपेन

+१. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, पोलॉन्स्की स्वतः कायदा शिकलेले होते. जो कागदपत्रांबद्दल, कंपनीच्या रचनेबद्दल बोलतो ते म्हणूनच इतकं पक्कं वाटतं. टकर मारामारीची भाषा फारशी बोलतच नाही. तो खर्च, जोखीम, मालकी यांवर बोलतो.

---

परळनाका

मी चित्रपटांवर फारसं लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

अंकगणित यांनी लिहिलं की निकाल वर्तमानपत्रातल्या आकड्यांवरून घ्यायचे म्हणजे लोकांचा विश्वास बसायचा. मुंबईतला आकडा असाच सुरू झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडणारे आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईच्या कापूस बाजारात यायचे, आणि त्यावर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' तिथूनच आले. तो न्यूयॉर्कचा कापूस बाजारही वॉल स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. जोच्या ऑफिसच्या खिडकीखालच्या गल्ल्यांतून येणाऱ्या भावावर आमच्या गिरणगावातल्या माणसाचा पगार लागायचा, हे लक्षात आलं तेव्हा चित्रपट थांबवून थोडा वेळ बसून राहिलो.

पुढे ते भाव बंद झाले. मग कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीचा मटका सुरू केला आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये न्यू वरळी मटका. आता निकाल पत्त्यांतून निघू लागला. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा धरायचा. तो ओपन. पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

माझे वडील साचेखात्यात होते. आमच्या चाळीखाली पानाच्या गादीशेजारी आकडा घेणारे एक गृहस्थ बसायचे. नाव लिहीत नाही. पांढरा लेंगा-सदरा, कानाला पेन्सिल. त्यांनी कुणाचा एक रुपया बुडवल्याचं मी ऐकलं नाही. जोडी लागली तर रात्री उशिरा का होईना, घरी येऊन पैसे देत. शेजारच्या खोलीतली मुलगी तापानं फणफणली तेव्हा टॅक्सी त्यांनीच आणली आणि पैसे घेतले नाहीत. ८२ च्या संपात कित्येक घरांना त्यांनी उसने दिले. लिओ मॉर्स पडद्यावर आला आणि मला ते दिसले. तसंच बोलणं, तसंच सगळ्यांची चौकशी करणं.

आणि त्यांच्याच चिठ्ठीवर माझ्या वडिलांचा पगार जायचा. पहिल्या आठवड्यात आई वाण्याकडे उधारी मागायची. वडिलांना कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे मान्य. पण पगाराच्या दिवशी ते गृहस्थ गिरणीच्या फाटकाजवळ उभे असत हेही खरं.

मला त्यांचा राग येत नाही. आजही येत नाही. म्हणून मला कृष्णधवल यांचं शेवटचं वाक्य पटलं, की दिग्दर्शक लिओचा तिरस्कार करत नाही. तिरस्कार केला असता तर मी चित्रपट अर्ध्यावर बंद केला असता.

---

तिसरी_घंटा

परळनाका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. टॅक्सी आणि फाटक, दोन्ही एकाच माणसाचं. लिहीत राहा, कृपया.

---

जर्सीसिटीकर

शेवटच्या प्रसंगाबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहितो. राहायला नदीच्या या बाजूला आहे, त्यामुळे ती जागा पायाखालची आहे.

लिओचा मृतदेह जॉर्ज वॉशिंग्टन पुलाखाली, हडसनच्या काठावरच्या खडकांत टाकलेला असतो. जो पहाटे तिथे जातो. रिव्हरसाइडच्या उंचावरून पायऱ्या उतरत, मग आणखी पायऱ्या, मग उतार, आणि मागे तो प्रचंड पोलादी पूल. जोचा आवाज सांगत राहतो की मी खाली खाली उतरत होतो, जगाच्या तळाला पोचल्यासारखा. चित्रपट सुरू झाला तेव्हा आपण आभाळाला टेकलेल्या ऑफिसात होतो, हे तेव्हा जाणवतं. पुलाखाली एक छोटं लाल दीपगृह आहे, तेही या प्रसंगात दिसतं. आजही जागेवर आहे. पूल १९३१ मध्ये झाला आणि त्याच्या दिव्यांपुढे दीपगृहाची गरज उरली नाही, पण लोकांनी, विशेषतः लहान मुलांनी, ते पाडू दिलं नाही.

ती वाट मी चाललो आहे. मॅनहॅटनच्या बाजूनं फोर्ट वॉशिंग्टन पार्कमधून उतरावं लागतं. वरून पाहिलं तर काठ जवळ वाटतो, पण उतरायला लागलं की बराच खोल आहे. पोलॉन्स्कींनी हे सगळं स्टुडिओत उभं केलं असतं तर ती खोली कधीच आली नसती. त्या काळात अशा प्रसंगासाठी शहरात जाऊन चित्रण करणं सर्रास होत नव्हतं.

छायाचित्रकार होते जॉर्ज बार्न्स. स्टुडिओतल्या मऊ, देखण्या प्रकाशात त्यांचा हातखंडा. पोलॉन्स्कींना ते नको होतं. त्यांनी बार्न्सना एडवर्ड हॉपरची चित्रं दाखवली आणि हे असं हवं म्हणून सांगितलं. हॉपरच्या चित्रांत रिकामे रस्ते असतात, एका बाजूनं पडणारा कोरडा उजेड असतो आणि शहरात एकटा पडलेला माणूस असतो. निर्मनुष्य वॉल स्ट्रीटवर जो एकटा चालत जातो तो प्रसंग आठवा. एवढ्या मोठ्या इमारती, आणि त्यांच्या तळाशी एक काळा ठिपका.

---

शाईपेन

मला या चित्रपटानंतर काय झालं ते लिहायचंय, कारण ते वाचल्याशिवाय तो पूर्ण होत नाही असं मला वाटतं.

१९४८ च्या नाताळात चित्रपट लागला. आदल्याच वर्षी पोलॉन्स्कींनी लिहिलेला आणि गारफील्डनं भूमिका केलेला 'बॉडी अँड सोल' गाजला होता, म्हणून त्यांना दिग्दर्शनाची ही पहिली संधी मिळाली. चित्रपट फारसा चालला नाही. १९५१ मध्ये पोलॉन्स्कींना अमेरिकी संसदेच्या त्या कुप्रसिद्ध चौकशी समितीनं बोलावलं, जिथे चित्रपटसृष्टीतल्या लोकांना 'तुम्ही कम्युनिस्ट आहात का, आणि तुमच्याबरोबर कोण कोण होतं' असं विचारत. पोलॉन्स्कींनी कुणाचंही नाव सांगितलं नाही. समितीतल्या एका सदस्यानं त्यांना अत्यंत धोकादायक नागरिक म्हटलं. ते काळ्या यादीत गेले. त्यांच्या नावावर पुढचा दिग्दर्शित चित्रपट आला तो १९६९ मध्ये. मधली बरीच वर्षं ते दुसऱ्यांच्या नावाआड राहून लिहीत होते. १९५९ च्या 'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो'चं श्रेय लेखकसंघानं त्यांना अधिकृतपणे परत दिलं ते १९९६ मध्ये.

गारफील्डलाही १९५१ मध्येच बोलावलं. त्यानंही नावं दिली नाहीत. कामं मिळणं बंद झालं. २१ मे १९५२ रोजी हृदयविकारानं तो गेला, वय ३९.

आता चित्रपटातला बाउर आठवा, लिओचा हिशेबनीस. धाडीनंतर तो घाबरलाय, त्याला नोकरी सोडायची आहे, आणि त्याला सांगितलं जातं की आता सोडता येणार नाही. सुटकेसाठी तो पोलिसांना खबर देतो. मग टकरच्या विरोधातली फिकोची टोळी त्याला गाठते आणि त्याच्याकरवी लिओला एका हॉटेलात बोलावून घेते. बाउर लिओसमोर बसलाय आणि त्याला माहीत आहे काय होणार ते. लिओला उचलून नेतात आणि बाउरला गोळी घालतात. भ्यालेला, सरळ, कुणाचं वाईट न चिंतणारा माणूस दबावाखाली दुसऱ्याला कसा पकडून देतो, हे पोलॉन्स्कींनी १९४८ मध्ये दाखवलं. तीनच वर्षांनी त्यांच्या ओळखीच्या माणसांवर तीच वेळ आली. हे वाचून मी तो प्रसंग पुन्हा पाहिला आणि बाउरकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

---

अंकगणित

शाईपेन, बाउरबद्दल पूर्ण सहमत. टेलिफोनही त्याच्याशी जोडून बघा. जोच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात एक खासगी फोन आहे. एकदा तो रिसीव्हर उचलतो आणि तारेवर एक बारीक 'टिक' ऐकू येते. कुणीतरी ऐकतंय. त्यानंतर तो फोनकडे नुसता पाहतो तरी भीती वाटते. आणि शेवटी टकरच्या घरात, लिओ मेल्याचं कळल्यावर, जो तोच उपाय उलटवतो. रिसीव्हर काढून ठेवतो आणि टकर-फिकोला बोलू देतो, म्हणजे ऐकणाऱ्यांना सगळं ऐकू जावं. मग दिवे जातात आणि गोळीबार अंधारात होतो.

---

कृष्णधवल

सगळ्यांचे आभार. परळनाका, तुमचं विशेष.

तिसरी_घंटा म्हणतात की लिओला सगळं कळत होतं. हे वाचून मी त्याच्या बँकेतले सुरुवातीचे प्रसंग पुन्हा लावले, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण मग जो आणि लिओमधला फरक आणखी टोकदार होतो. जोलाही सगळं कळतंय आणि तो ते उघड बोलतो. टॅक्सीत डोरिसला, म्हणजे लिओच्या बँकेतल्या तरुण सेक्रेटरीला, तो सांगतो की हात पुढे करून हवं ते घेणं ही माणसाची सहज वृत्ती आहे, पण न घेण्यात सुख मानणं, स्वतःला मुद्दाम नाकारणं, आपल्या भावासारखं, हे भयंकर आहे. म्हणजे भावाचा नकार त्याला अपमानासारखा लागलाय. लिओ हो म्हणाला असता तर जो निर्दोष ठरला असता, निदान स्वतःच्या नजरेत. संपूर्ण चित्रपटभर तो भावाला वाचवायला धावतोय, पण त्याला भावाकडून हवी आहे संमती. लिओ टकरची माणसं आणि टकरचा पैसा स्वीकारतो, पण ही संमती शेवटपर्यंत देत नाही. माझ्या लेखी तो लिओचा एकमेव विजय आहे.

आणि त्याचं अपयश बाउर. आपल्या माणसांना सांभाळतो असं लिओ म्हणतो, पण बाउर जेव्हा सोडायचं म्हणतो तेव्हा लिओ त्याला सोडवू शकत नाही. ती बँक त्याची राहिलेली नसते. परळनाका, तुमच्या त्या गृहस्थांच्या वरही कुणीतरी असणारच ना?

---

परळनाका

होते. रात्री हिशेब वर जायचा. एखाद्या आकड्यावर जास्त पैसे लागले की तो भार वरच्या माणसाकडे पाठवायचा, नाहीतर लागला तर बुडाले. म्हणूनच ७७६ चा डाव मला लगेच समजला. छोटा माणूस मोठ्या आकड्याला एकटा उभा राहू शकत नाही. वरच्यांकडून नकार आला तर त्याचा धंदा त्याच रात्री संपला.

वरच्यांबद्दल मी त्यांना एकदाच विचारलं होतं, मोठा झाल्यावर. म्हणाले, "ते आपण बघायचं नसतं." लिओच्या तोंडी शोभलं असतं.

---

जर्सीसिटीकर

एक प्रश्न अंकगणित यांना. टकरचं अंतिम ध्येय कायदेशीर लॉटरी. इथे न्यूयॉर्कमध्ये ती पुढे आलीच की.

---

अंकगणित

आली. न्यूयॉर्क राज्याची लॉटरी १९६७ मध्ये सुरू झाली. आणि १९८० मध्ये राज्यानं चक्क तीन आकडी रोजचा खेळ सुरू केला, 'नंबर्स'च. फरक दोन. निकाल जाहीरपणे सोडतीनं काढतात, त्यामुळे बर्मनची विद्या चालत नाही. आणि नेमका नंबर लागला तर एका डॉलरमागे मिळतात ५०० डॉलर. गल्लीतला बेकायदा बँकर ६०० देत होता.

मुंबईतल्या जोडीचा भाव साधारण एकाला नव्वद असायचा, शंभर शक्यतांमागे. म्हणजे या तिघांत लावणाऱ्याला सर्वांत जास्त परत देणारा मटका, मग लिओची बँक, आणि सगळ्यात कमी देणारं सरकार. अर्थात सरकारी लॉटरीत पैसे मिळण्याची हमी आहे, गोळी लागत नाही, आणि उरलेला पैसा शाळांना जातो असा न्यूयॉर्कचा कायदा आहे. या गोष्टी छोट्या नाहीत. पण लावणारा माणूस आणि त्याचे पाच-दहा सेंट तेच राहतात.

---

परळनाका

महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ ची. वडील तीही घ्यायचे. आकडा लावला की आई बोलायची, लॉटरीचं तिकीट आणलं की देव्हाऱ्यात ठेवायची.

---

तिसरी_घंटा

शेवटाबद्दल थोडं राहिलंय. जो नदीवरून परततो तो सरकारी वकिलाला मदत करायचा निश्चय करून. काही जण म्हणतात की हॉलीवूडच्या त्या काळच्या नियमावलीनुसार गुन्हेगाराला शिक्षा किंवा पश्चात्ताप दाखवावाच लागे, म्हणून तो शेवट जोडल्यासारखा वाटतो. मला तसं वाटत नाही. डोरिस त्याच्याबरोबर आहे, आणि जो कायद्याबद्दल काही मोठं बोलत नाही. भावाचं मरण ज्या व्यवस्थेतून आलं ती मला तोंडपाठ आहे, ती सांगून टाकायला हवी, एवढंच त्याच्या मनात आहे. वकील म्हणून त्यानं जे ज्ञान विकलं तेच तो आता उघड करणार. माझ्या मते ते पात्राशी सुसंगत आहे. डोरिसचं काम करणारी बिॲट्रिस पिअर्सनही रंगभूमीवरची, तिनं एकूण दोनच चित्रपट केले. तिचं अवघडलेलं, न सजवलेलं बोलणं शेवटच्या त्या चालण्यात फार उपयोगी पडतं. तिच्या जागी कुणी सराईत तारका असती तर तिथे प्रेमकथेचा सूर लागला असता.

---

शाईपेन

सहमत नाही. पोलॉन्स्की पुढे ज्या प्रकारे वागले ते पाहता, सरकारपुढे जाऊन सगळं सांगणारा नायक त्यांच्या लेखणीतून मनापासून आला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. जोचा आवाज शेवटच्या दोन वाक्यांत वेगळा लागतो, आधीचा ठेका तुटतो. पुन्हा ऐकून बघा.

---

तिसरी_घंटा

समितीपुढे मित्रांची नावं सांगणं आणि भावाच्या खुन्यांची साक्ष देणं या दोन गोष्टी मी एका पारड्यात घालणार नाही. पण ठेक्याबद्दल म्हणताय ते ऐकते आणि सांगते.

---

कृष्णधवल

हा वाद इथे चालू द्या, मलाही दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. १९९४ मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला, आणि दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींनी त्याच्याबद्दल इतक्या वेळा सांगितलं की आता त्याच्या चांगल्या प्रती सहज मिळतात. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी मोठ्या पडद्यावर, दिवे बंद करून पाहावा. छोट्या पडद्यावर पुलाखालचा प्रसंग निम्मा होतो.

'बॉडी अँड सोल'वर वेगळा धागा काढतो आहे. तिथे मुष्टियोद्ध्याची लढत विकत घेतली जाते, आणि गारफील्डच्या आईचं काम ॲन रिव्हिअर हिनं केलंय. शाईपेन, तुम्ही तिच्याबद्दलही लिहा. तिलाही काळ्या यादीत टाकलं होतं.